सेवेची पदकं जमवणं: छंद, की दुसऱ्याच्या पुण्याईची खरेदी?

रविवारची फेरी

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक पदक घेतलं. पितळी कुलपं, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, त्या ढिगात काळंकुट्ट होऊन पडलं होतं. एका बाजूला व्हिक्टोरिया असल्यामुळे विकणारा त्याला राणीछाप रुपयाच समजत होता. मी नेहमीसारखं कडेवरून नख फिरवलं, अक्षरं लागली, आणि घासाघीस न करता पैसे दिले. घरी येऊन भिंग लावलं तर दोन आद्याक्षरं, एक अस्सल मराठी आडनाव, पुढे जीआयपी रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे.

हे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या प्रथमोपचार संस्थेचं सेवापदक. १८९८ साली सुरू झालं. दहा-पंधरा वर्षं विनावेतन प्रथमोपचाराचं काम केलं की मिळायचं, पुढे दर पाच वर्षांना फितीवर एक पट्टी वाढायची. फीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. गंमत म्हणजे राणी १९०१ मध्ये गेली, पण पदकावरून हलली नाही. तिच्यामागे किती राजे आले-गेले, पदकावर तीच. त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो: "राणीच्या काळातलं" म्हणून जे घेतो ते १९३०चंही निघतं.

गेली चौदा वर्षं मी फक्त मुंबई इलाख्यातली अशी पदकं जमवतोय. सेंट जॉन, रेडक्रॉस, आणि एक रौप्य कैसर-ए-हिंद, म्हणजे ब्रिटिश सरकारचं लोकसेवेचं पदक. एकूण ६१ नग. परवा भाची घरी आली होती. कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "मामा, ह्यातलं तुम्ही काय मिळवलंय?" मी म्हटलं, सगळं विकत घेतलंय. तर म्हणे, "म्हणजे दुसऱ्याची डिग्री फ्रेम करून लावल्यासारखंच की."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. माझं म्हणणं साधं आहे. मी घेतलं नसतं तर ते वितळलं असतं. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून भंगारवाला भिंग लावत बसत नाही, थेट सराफाकडे जातो. तुम्हाला काय वाटतं? शिव्या चालतील, मुद्देसूद द्या.

तिरकस

भाचीला माझा नमस्कार सांगा.

६१ नगांत एक कैसर-ए-हिंद आहे म्हणता. "हिंदुस्थानातील लोकसेवेसाठी" असं त्यावर इंग्रजीत कोरलेलं असतं. हे पदक आलं १९०० साली, म्हणजे पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत गोरे सोजीर घुसले, रँडला गणेशखिंडीत गोळी लागली, त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी. त्याच १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका पोराला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दत्तक मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या. पोरगं जगलं. बाई १० मार्चला गेल्या. त्या सेवेचं पदक कुठल्या बाजारात मिळेल तेवढं सांगा.

तुम्ही जमवता ती सेवा नव्हे, साहेबाच्या यादीत नाव कोणाचं होतं त्याची नोंद.

रविवारची फेरी

@तिरकस, सावित्रीबाईंबद्दल वाद घालणार नाही. पण कैसर-ए-हिंद १९१९ साली पंडिता रमाबाईंनाही मिळालं होतं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन सांगा त्यांची सेवा साहेबाच्या यादीपुरती होती म्हणून. आणि सेंट जॉनचं पदक सरकारी नाहीच, संस्थेचं आहे. माझ्या कपाटात बरेचसे रेल्वेचे फिटर, कारकून, गिरणीतले जॉबर (मुकादम) आहेत. ह्यांची नावं इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात नाहीत. कडेवर आहेत तेवढीच.

तिरकस

यादीचा विषय निघालाच आहे तर गांधींचं उदाहरण घ्या. बोअर युद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात डोलीवाल्यांचं पथक उभं केलं. ११०० माणसं. त्यात तीनेकशे स्वतंत्र हिंदी, बाकी सगळे गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर. जखमींना खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. युद्धपदक मिळालं म्होरक्यांना. डोलीचा दांडा ज्याच्या खांद्यावर रुतला त्याच्या नावानं काही नाही. आज तुम्ही बाजारात फिरलात तर म्होरक्याचंच सापडणार, आणि तुम्ही म्हणणार मी विस्मृतीतला माणूस वाचवला.

पुढचंही माहीत असेलच. १९१५ला मिळालेलं सुवर्ण कैसर-ए-हिंद, बोअर युद्धाचं आणि १९०६च्या झुलू बंडाचं, तिन्ही पदकं गांधींनी १ ऑगस्ट १९२०ला व्हाइसरॉयला परत केली. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटून थोड्याच वेळात, मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले होते. परत करताना वाईट वाटतंय असं पत्रात लिहिलं, पण केली. पदक टाकून देण्यालाही अर्थ असू शकतो. प्रत्येक टाकलेली वस्तू उचलून काचेत ठेवायची नसते.

त्रिकोणी पट्टी

मी स्वतः रेल्वेच्या प्रथमोपचार पथकात २२ वर्षं होतो, म्हणून थोडं लिहितो.

बाहेरच्याला वाटतं पदक म्हणजे कुठल्या तरी अपघातात शौर्य दाखवलं. तसं नाही. हे पदक हजेरीपटाचं आहे. दर वर्षी फेरपरीक्षा. त्रिकोणी पट्टी बांधून दाखवा, मोडलेल्या हाताला फळी लावा, नाडी मोजा, परीक्षक डॉक्टर ढेकर देत सही करणार. जत्रा, मोर्चा, मॅच असली की खाकी घालून दिवसभर उन्हात उभं राहायचं, आणि दिवसाकाठी काय, तर दोन चक्कर आलेल्या बायका आणि एक पाय मुरगळलेला पोलीस. हे दहा-पंधरा वर्षं केलं की पदक. तेही साहेबाला कागद पाठवायची आठवण झाली तर.

एकदाच खरं काम पडलं. रुळावरून काढलेला एक पोरगा, मांडीतून रक्त. मी अंगठा दाबून धरला तो पाऊण तास सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मला भाकरी मोडता येईना. त्याबद्दल काही मिळालं नाही, मागितलंही नाही.

माझं पदक ट्रंकेत आहे. मुलाला त्यात रस नाही, सुनेला त्याहून नाही. उद्या कोणी फेरीवाल्यानं नेलं आणि ह्या गृहस्थांनी कडेवरचं नाव वाचलं तर मला आनंदच होईल. ज्यानं मिळवलं त्याला विचारा ना, बाकीचे कशाला रागावताय?

पावती फाडा

काकांचं पदक कष्टाचं. पण धागाकर्त्यानं रेडक्रॉसचे बिल्लेही ६१ मध्ये धरले असणार. त्यातले किती सेवेचे आणि किती पावतीचे? इंडियन रेडक्रॉस १९२०च्या कायद्यानं उभी राहिली तेव्हापासून वर्गणीनुसार सभासद आहेत. पेट्रन, व्हाइस पेट्रन, आजीव सभासद, आणि प्रत्येकाला साजेसा मिनावर्क केलेला बिल्ला. आमच्या पणजोबांचा एक होता. घरात सगळे "आजोबांना रेडक्रॉसनं गौरवलं" म्हणायचे. कागद सापडले तर त्यांनी पैसे भरले होते, त्याची ती पोच.

रविवारची फेरी

खरंय. १९ बिल्ले तसले आहेत. वेगळ्या कप्प्यात ठेवतो, वर चिठ्ठी आहे "वर्गणी". मात्र त्या पैशातूनच पट्ट्या आणि औषधं यायची, तेव्हा फार नाक मुरडायचं कारण नाही.

कायदेकानू

दोन गोष्टी, कुणाची बाजू न घेता.

१९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९२०चं पदक परदेशी गिऱ्हाइकाला पोस्टानं धाडलंत तर छंद महागात पडेल.

दुसरं, लाल क्रॉस हे चिन्ह १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानं संरक्षित आहे. कपाटातला बिल्ला हा चिन्हाचा वापर नव्हे, पण कपाटाचे फोटो टाकून पान चालवताना वर लाल क्रॉस छापू नका. (डॉक्टरांच्या गाडीवरचा लाल क्रॉससुद्धा खरं तर बेकायदा. सांगायला जा, दात तपासून देतील.)

लेस्टरवाला

इथे इंग्लंडात हा छंद मोठा आहे, आणि त्याला शिस्तही आहे. एका माणसाची तीन पदकं असतील तर ती सुटी करून विकणारा विक्रेता बदनाम होतो. नाव कोरलेल्या पदकाला नुसत्या पदकापेक्षा जास्त मान आणि जास्त किंमत, कारण नावावरून माणूस शोधता येतो. भारतातली पदकं इथे लिलावात येतात तेव्हा मात्र "नेटिव्ह" म्हणून एका ओळीत गुंडाळतात. ते वाचून चीड येते. आपल्या माणसाबद्दल चार ओळी आपणच लिहायला नकोत का?

एक तांत्रिक सूचना. मूळ नाव घासून दुसरं कोरायची लबाडी जुनी आहे. घासलेल्या जागी कड किंचित बारीक होते. व्हर्नियर (जाडी मोजायचं मापक) लावून चार ठिकाणी माप घ्या.

आजीची नात

मी ह्या धाग्यावर लिहिणार नव्हते.

माझी आजी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि सेंट जॉनच्या महिला पथकातही. तिचं पदक लोखंडी कपाटात, सुपारीच्या डब्यात असायचं. डबा उघडला की आधी कात-लवंगेचा वास, मग पदक. आम्ही पोरं तिच्या पाया पडलो की कधीमधी ती ते हातात द्यायची आणि लगेच परत घ्यायची. "चिकट हात लावू नको." कशाबद्दल मिळालं विचारलं की म्हणायची, "पाय दुखल्याबद्दल."

ती गेल्यावर काकांनी कपाट रिकामं केलं. डबा पितळेचा होता, तो वजनावर गेला, पदकासकट. काकांना दोष देत नाही, त्या महिन्यात घरात रडायलाही कुणाला वेळ नव्हता. आठ वर्षांनी एका प्रदर्शनात मला ते काचेखाली दिसलं. कडेवर तिचं नाव, माहेरचं, कारण तेव्हा लग्न व्हायचं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, ही माझी आजी. तो म्हणाला, "मग तुम्हाला अठरा हजारात देतो." दुसऱ्यांना वीस होते.

तुम्ही सगळे "वाचवलं" म्हणता. वाचवलेल्या माणसाला कोणी त्याच्याच घरच्यांना विकत नाही.

तिरकस

ह्यावर धागाकर्त्यानं उत्तर द्यावं.

रविवारची फेरी

देतो. उशीर झाला, क्षमस्व.

आजीची नात, त्या माणसाची वकिली मी करणार नाही. मी विकत नाही, अदलाबदल करतो. पण त्यानं फार फरक पडतो असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण अदलाबदलीलाही मनात भाव लावावाच लागतो, आणि ज्याच्या पदकामागे एखादी मोठी दुर्घटना त्याचा भाव जास्त. इतकी वर्षं ही गोष्ट मी स्वतःशी मोकळेपणानं कबूल केली नव्हती.

घरच्यांना परत देण्याबद्दल मात्र माझा अनुभव ऐका. दोनदा मी आडनाव आणि गावावरून कुटुंब शोधून काढलं. एका घरी चहा-पोहे झाले, फोटो झाले, पदक दिलं. वर्षभरात तेच पदक मला एका व्यापाऱ्याकडे परत दिसलं, शेजारी आमच्या भेटीचा फोटो, पुरावा म्हणून! दुसऱ्या घरी थोरले बंधू दारातच म्हणाले, "नको हो, वाटण्या नुकत्याच झाल्यात. आता ही एक वस्तू कुणाच्या वाट्याला घालायची?" त्यांचंही चूक म्हणता येईना. ते पदक माझ्याकडेच आहे.

म्हणून मी संस्थेकडे देण्याचाही विचार केला होता. एका कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, "ह्याची आवक नोंद कशात घालू?" आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मी उचलून घेऊन आलो.

पावती फाडा

म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा तुमचं कपाट. सोयीचा निष्कर्ष आहे 😀

रविवारची फेरी

सोयीचा आहेच.

त्रिकोणी पट्टी

@आजीची नात, बाई, "पाय दुखल्याबद्दल" वाचून हसलो आणि मग थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. अगदी खरं उत्तर आहे.

तिरकसना एवढंच. डोलीवाल्यांना मिळालं नाही हे बरोबर, पण म्हणून म्होरक्याचं वितळवून त्यांना मिळणार आहे का? आणि धागाकर्त्याला: माझं पदक तुम्हाला देईन, पण नुसतं नाही. हजेरीची वही, फेरपरीक्षेचे दाखले आणि मोर्चात बूट फाटल्याबद्दल मी केलेला अर्ज, सगळं एकत्र घ्यायचं. अर्ज नामंजूर झाला होता, तो शेराही आहे.

रविवारची फेरी

काका, तो अर्ज मला पदकाच्याही आधी हवाय.

तिरकस

नामंजूर अर्ज जमवा, मग मी तुमच्या बाजूनं.

आजीची नात

अठरा हजार मी दिले नव्हते. तेव्हा नव्हतेही. आता त्या माणसाचा पत्ता नाही.

@रविवारची फेरी, तुमच्या ६१ मध्ये महिला पथकाचं एखादं असेल तर कडेचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवा. घासून चकचकीत केलं असेल तरी चालेल. काकांकडे आजीचा गणवेशातला एक फोटो आहे, तो मागवलाय. त्यात तिनं पदक उलटं लावलंय म्हणतात, राणी आतल्या बाजूला.