हॉलच्या भिंतीवर समुद्राच्या चित्रांचा सेट लावायचाय, कसा निवडावा?

अनगोळची_सून

नमस्कार मंडळी. अनगोळात फ्लॅट घेतलाय, पाडव्याला राहायला आलो. हॉलमध्ये सात फुटी सोफा आहे आणि त्याच्या मागची अख्खी भिंत मोकळी आहे. रंग फिकट, सायीसारखा. तिथं समुद्राची चित्रं लावायची असं घरात ठरलंय, आणि ती सासूबाईंसाठी. त्यांचं माहेर वेंगुर्ला. लग्न होऊन बेळगावात आल्या त्याला जन्म लोटला, तरी पावसाळ्यात वारा सुटला की "आज बंदरावर केवढ्या लाटा असतील" असं म्हणतातच. गुडघ्यांनी दगा दिलाय, आंबोली उतरून जाणं आता होत नाही.

ऑनलाइन बघायला बसले तर डोकं गरगरतंय. एकच लाट पाच तुकड्यांत कापलेली, नांगर-शंख-तारामासा असे तिनाचे सेट, सोनेरी काठाच्या फ्रेमा. एकेक बघताना छान वाटतं, पण आमच्या साध्या हॉलमध्ये ते परकं दिसेल असं मन सांगतंय.

तीन घ्यावीत की पाच? केवढी घ्यावीत? ही भिंत पश्चिमेची, बाहेरची आहे. आधीच्या मालकांच्या वेळी पावसाळ्यात खालच्या बाजूला रंगाचे पोपडे निघायचे म्हणे. तिथं चित्रं टिकतील का? आणि मुलाच्या खोलीत नि पॅसेजमध्येही समुद्रच न्यावा का? तुम्ही घरात असं काही केलं असेल तर जरूर सांगा.

फ्रेमवाला_खडेबाजार

ताई, आधी भिंतीचं बघूया, चित्रांचं मागाहून. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस सरळ आपटतो. बाहेरून भेगा भरून, वॉटरप्रूफ रंग मारून घेतल्याशिवाय तिथं काहीच टांगू नका. भिंतीला चिकटून बसलेल्या फ्रेमच्या मागं हवा खेळत नाही. मग दिवाळीच्या साफसफाईला फ्रेम उतरवली की मागं काळी बुरशी. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमांत हीच तक्रार सगळ्यात जास्त.

त्यावर उपाय साधे आहेत. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराची बटणं लावायला सांगा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत पाच-सहा मिलिमीटर फट राहते. पाठ ब्राउन पेपरनं पूर्ण बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते आणि कागद खाते. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काचेला आतून दमटपणा धरतो, आणि चित्र काचेला टेकलेलं असलं की तिथंच चिकटतं. मग सोडवायला गेलं की रंगासकट निघतं. कॅनव्हासला काच नसते, पण आपल्या पावसात तो सैल पडतो आणि धूळही धरतो.

आता माप. सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश जागा चित्रांनी घ्यावी. तुमचा सोफा 84 इंच, म्हणजे 56 इंच. ए-थ्री कागद उभा धरला तर 11.7 बाय 16.5 इंच. चारी बाजूंनी दोन इंच माउंट आणि पाऊण इंचाची पट्टी धरली की एक फ्रेम बाहेरून साधारण 17 बाय 22 होते. तीन फ्रेमा आणि मध्ये अडीच-अडीच इंच जागा, बघा की, बरोबर 56 इंच भरतात. सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच वर खालची कड येऊ द्या. फार वर टांगलं की चित्रं सोफ्यापासून सुटलेली दिसतात. पाच फ्रेमा सात फुटांत दाटी करतील, तीनच घ्या.

त्या पाच तुकड्यांच्या लाटेबद्दल कळकळीनं सांगतो. एकच चित्र कापलेलं असतं, पण कापताना मधल्या फटींचा हिशोब बहुतेक वेळा धरलेला नसतो. भिंतीवर लावलं की आडवी रेघ, म्हणजे क्षितिज, सरळ दिसतं. तिरकी चढणारी लाट मात्र प्रत्येक फटीपाशी उडी मारते. रोज समोर बसणाऱ्याच्या डोळ्याला ते खुपत राहतं. एकसंध चित्र हवं असेल तर ते एकाच फ्रेमात लावा. तीन फ्रेमा लावायच्या तर तीन वेगळी चित्रं घ्या, आणि तिन्हींत समुद्राची रेघ एकाच उंचीवर येईल अशी निवडा. सेट तिथं जुळतो. फ्रेमा कितीही एकसारख्या घेतल्या आणि एका चित्रात क्षितिज वर, दुसऱ्यात खाली असलं तर मन ठरत नाही.

टांगायच्या आधी जुन्या वर्तमानपत्राचे 17 बाय 22 चे तुकडे कापून टेपनं भिंतीवर लावा आणि चार दिवस तसेच राहू द्या. जाता-येता नजरेला जागा कळते. मग गवंड्याकडची पाण्याची नळी आणून रेघ मारून घ्या. मोबाईलच्या लेव्हलवर एवढ्या लांबीला विसंबू नका. भोक सहा नंबरच्या बिटानं पाडून प्लॅस्टिकची गिट्टी ठोका, आणि फ्रेमला दोन-दोन हूक घ्या, एकावर फ्रेम हळूहळू कलते. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते.

चित्रकला_टिळकवाडी

मी शाळेत चित्रकला शिकवते. फ्रेमवाले काकांनी क्षितिजाचं सांगितलं, मी रंगाचं सांगते. ऑनलाइन सेटमधला तो चकचकीत फिरोजी समुद्र पांढऱ्या वाळूवरच्या उथळ, नितळ पाण्याचा असतो, लक्षद्वीप-मालदीवकडचा. आपल्या कोकणच्या पाण्यात नद्यांचा गाळ येतो. पावसाळ्यात ते मातकट असतं, हिवाळ्यात सकाळी राखाडी-हिरवं, तिन्हीसांजेला शिशाच्या रंगाचं. तुमच्या सासूबाईंनी जन्मभर मनात ठेवलेला समुद्र या रंगांचा आहे. आणि सायीच्या रंगाच्या भिंतीवर हेच रंग शोभतील, फिरोजी तिथं ओरडेल.

एक निळा किंवा एक करडा धरा आणि तो तिन्ही चित्रांत येऊ द्या. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध मोठी लाट तुम्ही पाहिली असेलच, 1831 च्या सुमाराची. ती फुजी पर्वताच्या 36 दृश्यांच्या मालिकेतली. मालिका इतकी खपली की पुढं आणखी 10 चित्रं काढली, एकूण 46 झाली. त्या मालिकेत तेव्हा जपानात नव्यानं मिळू लागलेला प्रशियन निळा रंग सढळ हातानं वापरलाय, आणि तो निळा चित्रांना एका घरातलं करतो. लाटेचा मूळ ठसा फार मोठा नाही, साधारण 26 बाय 38 सेंटिमीटर. म्हणजे आडव्या ए-थ्री कागदावर तो खऱ्या मापात छापता येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2017 पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली सगळ्यांना मोफत खुल्या केल्यात, तिथून उतरवून घ्या.

हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचं 1857 चं, नारुतोच्या समुद्रातल्या भोवऱ्यांचं चित्रही बघा. ते मुळातच तीन उभ्या कागदांवर छापलेलं आहे. पण कागद एकमेकांना लागून असतात, म्हणून काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिन्ही मिळून एकच फ्रेम. पॅसेजमध्ये फार सुंदर दिसेल. तिथं खाली सोफा नाही, तेव्हा चित्राचा मध्य जमिनीपासून 57-58 इंचांवर ठेवा, उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो.

अनगोळची_सून

काका, बाई, मनापासून आभार. जपानची लाट सासूबाईंना दाखवली. बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "चांगली आहे गं, पण ही आमची नव्हे." तेव्हा पॅसेजमध्ये जपान आणि हॉलमध्ये वेंगुर्लाच. पण वेंगुर्ल्याची चित्रं सेटमध्ये कुठून मिळणार? आमच्याकडे फॅमिली ग्रुपवर आलेले फोटो आहेत तेवढेच.

खानापूर_कॅमेरा

ग्रुपवर आलेल्या फोटोंवर छपाई करू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आवळून धाडतं, लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेल उरतात. ते साडेसोळा इंचांवर पसरले की इंचाला शंभरसुद्धा भरत नाहीत, फोटो फुटतो. मूळ फोनमधली 12 मेगापिक्सेलची फाइल 4000 पिक्सेलची असते, इंचाला 240 येतात, ए-थ्रीला भरपूर झाले. ज्यानं फोटो काढलेत त्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा.

त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही दोघंच एकदा जाऊन या. शिनोळी ओलांडली, आंबोली उतरलात की सावंतवाडी, पुढं वेंगुर्ला. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आभाळ स्वच्छ असतं. तिन्ही फोटो एकाच संध्याकाळी, फोन उभा धरून काढा. स्क्रीनवर ग्रीड चालू करा आणि समुद्राची रेघ प्रत्येक वेळी वरच्या आडव्या रेघेवरच बसवा, म्हणजे क्षितिज आपोआप जुळेल. झूम बोटांनी करू नका, चालत पुढं जा. सूर्यास्ताचा लालभडक फोटो सेटमध्ये नको, तो बाकीच्या दोघांना झाकून टाकतो. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबा, बाईंनी सांगितलेला शिशाचा रंग तेव्हाच येतो.

काय काढायचं ते सासूबाईंनाच विचारा. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी असते, ती पुढं आणि समुद्र मागं, हा एक. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी वर ओढून ठेवलेली, दोऱ्यांच्या वेटोळ्यासकट, हा दुसरा. तिसरं नुसतं पाणी घ्या, काहीही नको त्यात.

वाटेत सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात तेही बघा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 गोल पानं असतात. मत्स्य आणि कूर्म हे दोन राजे मिळाले तर मुलाच्या खोलीत गोल फ्रेमांत काय दिसतील! हातानं रंगवलेलं काम आहे, उन्हाच्या तिरिपेत मात्र लावू नका.

निपाणीची_अक्का

मुलाच्या खोलीसाठी माझंही ऐका. आम्ही नातवाच्या खोलीत माशांचा सेट केलाय. बांगडा, पापलेट, तारली, सुरमई, प्रत्येकाचं चित्र वेगळ्या कागदावर, तोंडं सगळ्यांची एकाच दिशेला आणि खाली मराठीत नाव. नातवानं स्वतः रंगवलेत. बांगड्याच्या पाठीवरच्या लांबट काळपट रेघा काढायला त्यानं बाजारातून आणलेला खरा बांगडा ताटात समोर ठेवला होता. आता मासळी घ्यायला गेलो की नावं तोच सांगतो. लहान पोराच्या खोलीत काच नको, अ‍ॅक्रिलिक लावा.

आणि एक विनंती. सजावटीच्या सेटमध्ये वाळवलेलं प्रवाळ, समुद्री पंखा, समुद्री घोडा काचेच्या पेटीत घालून विकतात. घेऊ नका. हे जीव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, विकणं गुन्हा आहे, आणि समुद्रातून उपटून काढल्याशिवाय ते भिंतीवर येत नाहीत. किनाऱ्यावर पडलेले साधे रिकामे शिंपले चार उचलले तर हरकत नाही. मात्र ते गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत भिजवा आणि कडकडीत वाळवा. मीठ राहिलं तर ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं आणि आतला कागद डागाळतो.

अनगोळची_सून

अक्का, बांगड्याची कल्पना मुलानं उचललीसुद्धा, रंगपेटी घेऊन बसलाय. सासूबाईंना तीन फोटोंचं विचारलं. होडी हवीच म्हणाल्या, रापण ओढायला त्या लहानपणी वडिलांबरोबर जायच्या हे मला आजच कळलं. वाळू आणि पाणीही चालेल म्हणाल्या. भिंतीचं बाहेरचं काम पावसाच्या आत करून घेतोय, फोटोंना नोव्हेंबरात जाऊ.

काका, एकच राहिलं. सोफ्याच्या समोर बाल्कनीचं मोठं दार आहे, काचेवर उजेड चमकेल ना? ती न चमकणारी खरखरीत काच लावावी का?

फ्रेमवाला_खडेबाजार

ती नको ताई. खरखरीत काच चित्राला टेकलेली असली तरच चित्र स्पष्ट दिसतं. तुमच्यात मध्ये माउंट येणार, तेवढ्या अंतरानं तिच्यातून सगळं धुरकट होईल, आणि ओल्या वाळूवरची ती बारीक नक्षी तर पार पुसली जाईल. साधी काचच लावा, फोटो मॅट कागदावर छापा आणि बाल्कनीला पातळ पडदा घ्या. उन्हानं रंग उडतात तेही पडद्यानं थांबेल. छपाई पिगमेंट शाईवर करून द्या म्हणून आधीच सांगा, ती जास्त टिकते. फ्रेम करायला जाल तेव्हा सोफ्याच्या पाठीची जमिनीपासूनची उंची मोजून घेऊन जा.