पुनरुत्थान: घडलेली गोष्ट की आशेचं रूपक?

निर्मळकर

ईस्टरच्या शुभेच्छांमध्ये यंदाही बऱ्याच जणांनी तेच लिहिलं: येशू उठला म्हणजे आत्मा अमर आहे, सगळे धर्म शेवटी हेच सांगतात. भावना चांगली आहे, पण ख्रिस्ती माणूस म्हणून मला ते मान्य नाही. यावर नीट वाद व्हावा म्हणून धागा काढतोय.

आत्मा अमर असतो ही कल्पना ग्रीकांकडे येशूच्या कितीतरी आधीपासून होती. त्यासाठी कबर रिकामी व्हायची गरज नव्हती. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 वाचा. पहिल्या पिढीतला प्रचारक पौल अथेन्समध्ये बोलतो, लोक ऐकून घेतात, आणि मेलेला माणूस उठला असं म्हणताच काही जण थट्टा करायला लागतात. नुसत्या अमर आत्म्याची कोणी थट्टा केली नसती. यहुद्यांमध्येही यावरून दोन तट होते. परूशी पंथाचे पुनरुत्थान मानत, सदूकी पंथाचे नाकारत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे येशूआधीच्या एका यहुदी ग्रंथात, राजा सात भावांना हालहाल करून मारतो. त्यांतला एक जण दोन्ही हात पुढे करून म्हणतो की हे मला देवाने दिले आणि त्याच्याकडूनच परत मिळतील. त्याला हात परत हवे आहेत.

दर रविवारी मिस्सात आम्ही मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं म्हणतो, ते याच अर्थाने. येशूने उठवलेली माणसं, लाजर किंवा याईराची मुलगी, पुढे केव्हातरी पुन्हा मेली. येशूबद्दलचा दावा वेगळा आहे: रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत, यरुशलेमच्या वेशीबाहेर मारलेला एक माणूस परत कधीही न मरण्यासाठी उठला.

हा दावा इतिहासाबद्दल आहे, म्हणून तो खोटाही ठरू शकतो. पौलाने ही जोखीम स्वतःच घेतली. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तो लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार आणि तुमचा विश्वास दोन्ही फुकट. पत्र साधारण इ. स. 53 ते 55 मधलं, म्हणजे घटनेला पंचवीसएक वर्षंच झालेली. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून जास्त बंधू (त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असंही सांगतो), याकोब, सगळे प्रेषित, शेवटी तो स्वतः. जे मला मिळालं तेच तुम्हाला दिलं, असं तो म्हणतो. म्हणजे यादीचा गाभा त्याच्या पत्राहून जुना.

हातचं न राखता बोला.

कोथरूडकर

तपासायची मुभा तुम्हीच दिलीत, तेव्हा तपासतो.

पौलाने यादीत स्वतःलाही घेतलंय. त्याला काय दिसलं? प्रेषितांच्या कृत्यांनुसार दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला, आवाज ऐकू आला. आपला हा अनुभव तो केफाच्या अनुभवाच्याच रांगेत बसवतो. मग केफालाही असंच काही दर्शन झालं असेल, हे मानायला काय हरकत आहे? रिकाम्या कबरीचा पौल उल्लेखही करत नाही. पाचशे जणांना एकही नाव नाही, गाव नाही, आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकातही हा प्रसंग नाही.

आता शुभवर्तमानं घ्या. सर्वांत जुनं मार्कचं, साधारण इ. स. 70 च्या आसपासचं. सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते 16:8 ला (अध्याय 16, ओवी 8) संपतं. कबरीपाशी गेलेल्या बाया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. उठलेला येशू तिथे कोणाला भेटतच नाही. मत्तयात पहारेकरी येतात, भूकंप होतो. लूकमध्ये येशू भाजलेला मासा खातो. योहानात थोमा या शिष्याला जखमेत हात घालायला सांगतो. वर्षं सरतात तसा देह घट्ट होत जातो, आणि तोंडोतोंडी वाढणाऱ्या कथेची हीच रीत असते.

गेलेलं माणूस दिसणं, त्याचा आवाज ऐकू येणं हे शोकात अनेकांना होतं आणि ते लोक खोटारडे नसतात. पेत्राने तर आदल्याच रात्री गुरूला ओळखायलाही नकार दिला होता. त्या अपराधभावातून त्याला दर्शन झालं असावं, असं गेर्ड ल्युडेमान या जर्मन अभ्यासकाने मांडलंय. मला ते पटतं. शिवाय क्रूसावर मारलेल्यांची प्रेतं रोमन लोक बहुधा तिथेच सडायला ठेवत. कबर होती हेच आधी सिद्ध व्हायला हवं.

निर्मळकर

कबरीपासून सुरू करतो. 1968 मध्ये यरुशलेमच्या ईशान्येला एका कौटुंबिक कबरीत येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी सापडल्या, टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला. म्हणजे त्या काळात यहुदियात क्रूसावर मेलेल्याला कुटुंबाच्या कबरीत मूठमाती मिळत होती, निदान कधीकधी तरी. येशूला ती मिळालीच हे यावरून सिद्ध होत नाही. अशक्य होतं, हे मात्र आता म्हणता येणार नाही.

कथा वाढली म्हणता, तर तिच्या मुळाशी बाया का राहिल्या? त्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत कमी होती. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने यावरूनच टोमणा मारला की एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा धर्म उभा आहे. रचायचंच होतं तर पहिला साक्षीदार म्हणून पेत्राला उभं करणं सोपं होतं. चारही शुभवर्तमानांत मग्दालिया मरिया आहे. आणि मत्तय तर उठलेल्या येशूपुढे उभे असतानाही काहींना शंका आली, असं लिहून ठेवतो. प्रचारासाठी रचलेल्या कथेत हे वाक्य कोण ठेवील?

पण मला सगळ्यात जास्त अडवतो तो याकोब, येशूचा भाऊ. मार्क सांगतो की घरच्यांना येशू वेडा झालाय असं वाटलं आणि ते त्याला धरून न्यायला आले. भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे योहानही नोंदवतो. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि इ. स. 62 मध्ये त्याला दगडांनी मारलं जातं. ही शेवटची गोष्ट यहुदी इतिहासकार जोसेफसची, तो ख्रिस्ती नव्हता. पेत्राला अपराधभाव होता हे मी धरून चालतो. याकोबाला कसला होता? ज्याला घरचे खुळा समजत, तो फाशीवर गेल्यावर भाऊ त्याला प्रभू म्हणायला लागतो, हे का घडलं?

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला. फाल्गुन वद्य द्वितीयेला, बीजेला, देहूत लोटणारी गर्दी पाहत मोठा झालो. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं माझे आजोबा मानत. माझा भाऊ मानत नाही. दोघेही वारी चुकवत नाहीत. गाथेतला एकही अभंग त्या प्रश्नावर अडून राहिलेला नाही. आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपुढे डोकं टेकवताना 1296 साली आत नेमकं काय झालं, हे आम्ही विचारत नाही.

निर्मळकर, तुमच्या येशूबद्दल मला आदर आहे. पण साक्षीदार मोजून श्रद्धा उभी करायची म्हणजे एखादं नवं हस्तलिखित सापडलं की ती डळमळणार. संतांच्या शब्दाने माणूस बदलतो की नाही, एवढं बघावं. यरुशलेममध्ये त्या रविवारी काय झालं ते कळलं नाही म्हणून येशूचं डोंगरावरचं प्रवचन कमी खरं होतं का?

निर्मळकर

प्रवचन कमी खरं होत नाही, पण ते सांगणाऱ्याला राज्यकर्त्यांनी गुन्हेगार ठरवून मारलं. तुकोबांबद्दलच्या श्रद्धेत एका भक्ताचा गौरव आहे. इथे एका निकालाचा प्रश्न आहे. पिलाताने निकाल दिला, हा माणूस दोषी. तीन दिवसांनी देवाने तो निकाल फिरवला, असं शिष्य म्हणाले. निकाल खरोखर फिरला नसेल, तर पिलाताचाच शब्द शेवटचा उरतो. म्हणून मला तो रविवार सोडून देता येत नाही.

वांद्रेकर

मीही ख्रिस्ती, पण निर्मळकरांशी सहमत नाही. रुडॉल्फ बुल्टमानने 1941 मध्येच म्हटलं होतं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातलं चमत्कारांचं जग जसंच्या तसं मानता येणार नाही. तो नास्तिक नव्हता, लूथरन होता. घाबरून दारं लावून बसलेले शिष्य उठून उभे राहिले, येशूचं काम त्यांच्या हातून चालू राहिलं, हेच पुनरुत्थान. प्रेताचं काय झालं यावर मी श्रद्धेचा डोलारा उभा करणार नाही. कोथरूडकरांचे आक्षेप प्रामाणिक आहेत आणि माझ्या विश्वासाला ते धक्का लावत नाहीत.

नगरी

वांद्रेकर, तुम्हाला प्रेताचं काही पडलेलं नसेल. आम्हाला आहे.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यात ख्रिस्ती झाले. गावाने त्यांच्या आत्म्याला कधी नावं ठेवली नाहीत. विटाळ देहाचा होता. सावली देहाची पडत होती, पाणवठ्यावर देहालाच बंदी होती. मेलेली जनावरं ओढायची ती याच देहाने. आत्मे सगळ्यांचे सारखे, हे सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि तेच लोक आम्हाला पाणी वरून ओतत होते. देवाने एका मारलेल्या, नागवं करून टांगलेल्या देहाला हात देऊन उठवलं, ही बातमी त्यांना कळली. तुमचं रूपक त्यांच्या काय कामाचं होतं?

चर्चनेही हे नीट पाळलं नाही. तमिळनाडूत त्रिचीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत बांधली गेली. देहाचं पुनरुत्थान मानणाऱ्यांनी उठायच्या जागीच जात घातली, याची मला चीड येते. पण ती चीड येते कारण शिकवण देहाची आहे. ती नुसती आत्म्याची असती तर भिंतीवर बोट ठेवायला मला आधारच नव्हता.

कोथरूडकर

नगरी, तुमच्या पोस्टमधलं एक अक्षरही मी नाकारत नाही. पण एखादी गोष्ट माणसाला ताठ उभं करते म्हणून ती घडली, असं होत नाही. देहाची प्रतिष्ठा मिळवायला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, संविधान झालं. त्यासाठी रिकामी कबर लागली नाही.

मिरजकर

मुसलमान म्हणून थोडी भर घालतो. कयामतच्या दिवशी मेलेले देहासह उठतील हे आम्हीही मानतो. माणसाची हाडं आम्ही गोळा करू शकणार नाही असं त्याला वाटतं का, बोटांची टोकंसुद्धा आम्ही नीट जुळवू, असं कुराणाच्या 75व्या सूऱ्यात आहे. ईसा अलैहिस्सलाम (येशू) यांना मारलंच गेलं नाही, क्रूसावरही दिलं गेलं नाही, हे चौथ्या सूऱ्यात आहे. अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं. तेव्हा निर्मळकरांशी माझा मतभेद रविवारवर नाही, क्रूसाच्या शुक्रवारवर आहे. आणि आत्म्याची अमरता म्हणजेच पुनरुत्थान नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

दादरची

वादात पडत नाही, एक विचारायचं होतं. माझे यजमान कॅथलिक आहेत. देह उठणार असेल तर दहन चालतं का? सासरी यावर दोन मतं आहेत.

निर्मळकर

ताई, चालतं. 1963 पासून कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली आहे, फक्त ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. दफन अजूनही अधिक बरं मानतात. 2016 च्या सूचनेनुसार अस्थी पवित्र जागी ठेवायच्या. नदीत सोडायच्या किंवा विखरायच्या नाहीत, घरीही ठेवायच्या नाहीत. यजमानांच्या पॅरिशमध्ये फादरांशी आधीच बोलून ठेवा.

याला जुना इतिहासही आहे. इ. स. 177 मध्ये ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना मारल्यावर त्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, यांना उठण्याची आशाच राहू नये म्हणून. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने ती हकीकत जपून ठेवली आहे. ज्या मंडळीने हे सोसलं तिने त्या हुतात्म्यांची आशा सोडली नाही. राखेने देवाचा हात अडत नाही.

कोथरूडकर

मूळ मुद्द्याकडे येतो. गुरू गेल्यावर, किंवा गुरूने निराशा केल्यावर, अनुयायी नवं काही मानून टिकून राहतात हे इतिहासात दिसतं. सतराव्या शतकात शब्बताई झ्वी याला हजारो यहुदी मसीहा मानत होते. 1666 मध्ये सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. तरी काहींनी त्याला सोडलं नाही. हे धर्मांतर हाच गूढ योजनेचा भाग आहे असं म्हणाले. न्यूयॉर्कमध्ये लुबाविच पंथाचे रब्बी मेनाहेम श्नेअरसन 1994 मध्ये वारले. त्यांच्या अनुयायांतले काही आजही त्यांना मसीहा मानतात. हे लोक मूर्ख नाहीत. आशा मोडली की मन ती वेगळ्या आकारात बांधतं.

निर्मळकर

दोन्ही उदाहरणं चांगली आहेत. पण श्नेअरसन यांना मसीहा मानणारे बहुतेक जण ते परत येतील असं म्हणतात, आणि क्वीन्समधल्या त्यांच्या कबरीवर लोक प्रार्थनेला जातात. तो माणूस मेला, पुरला, आणि आता उठलेलाच आहे, असं म्हणणं वेगळं. पहिल्या शतकातल्या यहुद्यांची अपेक्षा होती की शेवटच्या दिवशी सगळे एकदम उठतील. मधेच, जग तसंच चालू असताना, एकट्यानेच उठायचं, हे कोणाच्या मनात नव्हतं. मोडलेली आशा नवा आकार घेते हे खरं, पण तो आकार हाताशी असलेल्या साच्यातून येतो. हा साचा कुठून आला?

कोथरूडकर

पौलाच्याच पत्रातून सांगतो. येशूला तो पहिलं पीक म्हणतो. पहिलं पीक म्हणजे मागोमाग सुगी. थेस्सलनीकाकरांना लिहिताना, प्रभू येईल तेव्हा जिवंत असणाऱ्यांत तो 'आपण' म्हणतो. म्हणजे त्याच्या हिशेबी सगळ्यांचं उठणं सुरूच झालं होतं, येशूचा नंबर पहिला एवढंच. साचा जुनाच होता. सुगी मात्र दोन हजार वर्षं झाली तरी आलेली नाही. तपासायची मुभा असलेल्या दाव्यात ही तपासणीही धरायला हवी.

निर्मळकर

धरू. हा तुमचा सगळ्यात धारदार आक्षेप आहे, आणि तो पहिल्या पिढीनेच घेतला होता. थेस्सलनीकात आपली माणसं प्रभू येण्याआधीच वारली म्हणून लोक खचले, त्यांना धीर द्यायलाच पौलाने ते पत्र लिहिलं, सुमारे इ. स. 50 मध्ये. त्याचं येणं कुठे गेलं असं लोक विचारतील, हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही आहे. उशीर त्यांना दिसत होता आणि तरी त्यांनी रविवारची बातमी मागे घेतली नाही. सुगी कधी, याबद्दल पौलाचा अंदाज चुकला असं क्षणभर धरा. त्यावरून पहिल्या रविवारी काय झालं ते ठरत नाही. त्यासाठी याकोबाचं उत्तर लागेल. मी ते दोन वेळा वाट पाहून पुन्हा मागतोय.

कोथरूडकर

याकोब का बदलला हे सांगणारा एकही शब्द पौलाच्या त्या ओळीत नाही. 'नंतर याकोबाला', एवढंच. त्यातून भावाच्या मरणाने हललेला माणूसही वाचता येतो आणि उठलेल्या भावाला भेटलेला माणूसही. मी पहिला वाचतो, कारण तसे मी पाहिलेत.

निर्मळकर

आणि मी दुसरा वाचतो, कारण भावाच्या मरणाने हललेली माणसं मीही पाहिलीत आणि त्यातलं कोणी त्या भावाची प्रार्थना करायला लागलं नाही.

नगरी

याकोबाचं पत्र काढून वाचा कोणीतरी. मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं पाचव्या अध्यायात आहे. ते त्याच भावाचं असेल तर भेट कोणाशी झाली असेल याचा मला फारसा संशय नाही.

कोथरूडकर

ते त्याचंच पत्र आहे का यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.