मदत हवी आहे: ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून बाळांची दुपटी

नमस्कार. मी सदाशिव पेठेत बारा वर्षांपासून ब्लाउज शिवून देते आणि बेतल्यानंतर उरणारे तुकडे टाकवत नसल्यामुळे माझ्याकडे आता चार मोठी गाठोडी साठली आहेत. त्यांतून नवजात बाळांसाठी दुपटी शिवून गरजू मातांना द्यावीत, असे आम्हा तिघी शेजारणींनी ठरवले आहे.

पॉलिस्टर घाम शोषत नाही, म्हणून मी सुती तुकडे वेगळे काढले आहेत. मात्र कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि वापरलेल्या मऊ साडीचे अस्तर फारसे आटत नाही, त्यामुळे दोन्ही जोडल्यास शिवणीला चुण्या पडतात. काही तुकडे तर जेमतेम वीतभर आहेत. ते सगळे आधी भिजवून, इस्त्री करून मगच जोडावेत, की यापेक्षा सोपा मार्ग आहे? गडद लाल कापडाचा रंग मिठाच्या पाण्यात ठेवूनही जातच राहिला, त्यामुळे त्या उपायावर माझा आता विश्वास उरलेला नाही. बाळाच्या कपड्यासाठी असे कापड वगळावे, हेच योग्य ना?

जरीच्या तुकड्यांच्या पिशव्या होतील, त्याची चिंता नाही.

पुण्यातील प्रसूतिगृहांना किंवा अनाथाश्रमांना अशी दुपटी कोणी दिली असल्यास, तेथे कोणते माप चालते आणि जोडकामाचे कापड स्वीकारतात का, हे कृपया सांगावे.