ट्राउट मराठवाड्यात घरच्या टाकीत पाळू नये, असं माझं ठाम मत आहे

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या भागातल्या मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींत सध्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची चर्चा आहे. हिमाचलहून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मागवायची, चार फुटी टाकीला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लावायचा आणि हॉलमध्ये ट्राउट ठेवायचा, असा बेत काहीजण करायलेत. माझा याला विरोध आहे.

रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूच्या थंड नद्यांतला. इंग्रजांच्या काळात गळाच्या शिकारीसाठी ट्राउट भारतात आले आणि काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा गार ठिकाणीच टिकले. या माशाला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर ताण सुरू होतो, २५ च्या आसपास जीवावर बेततं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर जातो.

कुणी म्हणेल, बोअरचं पाणी गार असतं. हाताला गार लागतं, पण जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ असतं, म्हणजे आपल्याकडं २५ ते २७ अंश. कूलरसारखं पंख्यानं वाफ काढून गार करायचं म्हटलं तरी कडक कोरड्या दुपारी फार तर २२-२३ पर्यंत उतरेल. म्हणजे कॉम्प्रेसरचा चिलर अटळ, आणि तोही बारा महिने.

वर पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या मराठवाड्यात आठवड्याला शंभर लिटर पाणी एका परक्या माशासाठी बदलायचं, हे मला पटत नाही.

काचपेटी (लातूर)

दादा, तापमानाचं तुम्ही बरोबर सांगितलं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

हिशोब करून बघू. चारशे लिटरची टाकी, आत १४ अंश, खोलीत ३८. साध्या काचेतून साधारण अडीचशे ते तीनशे वॉट उष्णता आत येते. चिलर त्यासाठी अंदाजे निम्मी वीज खातो. दिवसाला साडेतीन-चार युनिट झाले. मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावला की आणखी कमी. एक एसी रात्रभर चालतो तेव्हा यापेक्षा जास्त वीज जाते आणि त्यावर कुणी चर्चा करत नाही.

लाईट गेली तरी चारशे लिटर पाणी तासाला अर्धा अंशच तापतं. चार तासांत १४ चं १६ होईल. तोवर एअरपंप इन्व्हर्टरवर चालू राहिला म्हणजे झालं. आणि बदललेलं शंभर लिटर पाणी गटारात कशाला जाईल? त्यात नायट्रेट, म्हणजे झाडांचं खतच असतं, माझी कढीपत्त्याची आणि लिंबाची झाडं त्यावरच वाढली आहेत.

हैदराबादजवळ तर पाणी थंड करून, गाळून, तेच तेच फिरवून ट्राउट वाढवला जातो. तिथलं ऊन आपल्यापेक्षा फार सौम्य नाही. सवाल हवामानाचा नाही, शिस्तीचा आहे.

उदगीरकर

मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकले आहे, म्हणून दोघांच्या मध्ये बोलते. लातूरच्या दादांचा विजेचा हिशोब मला ठीक वाटतो. पण दोन गोष्टी सुटल्या.

एक, चिलरवर जी क्षमता लिहिलेली असते ती ४२ अंशांच्या खोलीत मिळत नाही. तो टाकीतली उष्णता खोलीतच सोडतो आणि खोली तापली की स्वतःच दमतो. गरजेपेक्षा एक आकार मोठा घ्यावा लागेल आणि गरम हवा बाहेर काढावी लागेल. पावसाळ्यात १४ अंशांची काच घामानं डबडबते, खालचं प्लायवूड फुगतं. त्याला दुहेरी काच किंवा जाड अ‍ॅक्रिलिक लागतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ट्राउटच्या खाद्यात ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, त्यामुळं पाण्यात माशाला विषारी असलेला अमोनिया भरपूर पडतो. तो पचवणारे फिल्टरमधले जिवाणू थंड पाण्यात फार सावकाश वाढतात. रोहू-कटल्याच्या पाण्यात महिन्यात तयार होणारा फिल्टर इथं दोन महिनेही घेऊ शकतो. तोवर थांबायची तयारी किती जणांची आहे? बोटुकली आली की लगेच टाकीत सोडली जातात आणि मग मासे मेल्याचं खापर उन्हावर फुटतं.

मास्तर (अंबाजोगाई)

मला हा विषय शाळेच्या बाजूनं मांडायचा आहे. अमेरिकेत अनेक शाळांत वर्गातच चिलर लावलेल्या टाकीत ट्राउटची अंडी ठेवतात. दहा अंशांच्या पाण्यात महिन्याभरात पिल्लं बाहेर येतात, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर दोन-तीन आठवडे काढतात, मग पोहून खायला लागतात. आमच्या लेकरांनी वाहतं थंड पाणी बघितलेलं नाही. पाणी गार झालं की त्यात ऑक्सिजन जास्त मावतो, १४ अंशांना लिटरमागं सुमारे १० मिलिग्रॅम आणि ३० अंशांना साडेसात, हे फळ्यावर सांगणं वेगळं आणि डोळ्यांसमोर जिवंत मासा असताना सांगणं वेगळं. त्यासाठी एका वर्गात एक चिलर मला जास्त वाटत नाही.

गोदाकाठ

सर, तुमची तळमळ पोहोचली. पण तिथली लेकरं पिल्लं मोठी झाल्यावर परवानगी असलेल्या ओढ्यात नेऊन सोडतात. अंबाजोगाईची लेकरं कुठं सोडणार? मांजरा नदीत? गोदावरीत? उन्हाळ्यात ती मरतील, आणि त्याआधी बाहेरचा रोग आपल्या माशांना देऊन जातील ही भीती वेगळीच. माझा खरा विरोध इथं आहे. कॉम्प्रेसरचा मुद्दा मी मागं घेतो, लातूरच्या दादांनी विजेचं गणित नीट मांडलं. पण ट्राउट पावकिलोचा झाला की फूटभर लांब होतो आणि तिथंच थांबत नाही. प्रवाहाच्या विरुद्ध पोहायला घडलेला तो मासा चार फुटांच्या टाकीत तीन ढांगांत भिंतीला भिडतो. पुढं त्याला जायला जागा नाही. हे माहीत असून तो आणणं मला क्रूर वाटतं.

उदगीरकर

मास्तर, मरळ ठेवून बघा. आपल्याच तळ्यातला मासा, वरून हवा घेतो, त्यामुळं लाईट गेली तरी घाबरायला नको. नर-मादी दोघं पिल्लांच्या थव्याची राखण करतात. एवढं दृश्य ट्राउट दाखवणार नाही, तो अंडी बारीक खडीत पुरतो आणि निघून जातो. मात्र मरळही मोठा होतो, म्हणून पिल्लांपुरताच, आणि जिथून आणला त्याच तळ्यात परत.

मास्तर (अंबाजोगाई)

ताई, मरळ नक्की ठेवू. पण थंड पाण्याचा धडा त्यातून शिकवता येत नाही, तेवढी माझी मागणी तशीच राहते.

काचपेटी (लातूर)

जागेच्या मुद्द्याचं उत्तर माझ्याकडं आहे. हिमाचलात ट्राउट अडीचशे-तीनशे ग्रॅमचा झाला की खायलाच काढतात. मीही तेच करणार. दोनच मासे, वर्ष-सव्वा वर्ष, गोल फिरता प्रवाह असलेली टाकी, वरून घट्ट झाकण कारण तो उड्या मारतो, आणि शेवटी जेवणात. कोंबडी पाळणाऱ्याला आपण क्रूर म्हणत नाही.

गोदाकाठ

मग ती मत्स्यशेती झाली दादा, आणि तिला माझा विरोध कमी आहे. पण मग हॉलमधली काचेची टाकी कशाला? मागच्या खोलीत गोल प्लास्टिकची हजार लिटरची टाकी घ्या. माशाला वळायला जागा मिळेल, आणि बाहेरून सगळीकडं थर्माकोल गुंडाळला की घामही कमी आणि उष्णताही कमी आत येईल. हॉलमध्ये शोभेसाठी ठेवणार असाल तर माझं म्हणणं बदलत नाही.