कांगा लीगमधील राखीव जागा स्वीकारावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याला कांगा लीग या मुंबईच्या क्रिकेट स्पर्धेच्या खालच्या विभागातील एका क्लबने राखीव खेळाडू म्हणून बोलावले आहे. प्रत्यक्ष खेळण्याची संधी क्वचितच मिळेल, आणि पावसाने सामना वाहून गेला तर विरारहून आझाद मैदानापर्यंतची खेप फुकट जाईल, म्हणून घरच्यांना तो रविवार क्लासला द्यावासा वाटतो.

माझे मत वेगळे आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने 1948 पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या या स्पर्धेत ओलसर, न झाकलेल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात मुंबईच्या अनेक पिढ्यांचे फलंदाज घडले. तिथे ऐनवेळी कोणी आले नाही की हजर असलेल्यालाच मैदानात उतरवतात, असे ऐकून आहे. (लोकलची कृपा असतेच!)

ज्यांनी स्वतः अशी राखीव जागा सांभाळली आहे, त्यांनी कृपया सांगावे: न खेळताही नेट्स, पंचांची वा ज्येष्ठ खेळाडूंची ओळख, दुसऱ्या क्लबचे बोलावणे असे काही हाती लागले का? बारावीच्या वर्षात किती रविवार द्यावेत?