मदत हवी आहे: मावशीसाठी केअर होम (फोंडा-पणजी परिसर). रात्री तिथे काय चालतं हे कसं कळणार?

मावशी ८१ वर्षांची. मूलबाळ नाही, काका जाऊन बारा वर्षं झाली. माशेलला एकटीच राहायची. जन्मभर मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. गेल्या वर्षी श्रावणात न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण डोकं त्यानंतर जे भरकटलं ते भरकटलंच. डिमेन्शिया आहे.

सध्या आमच्याकडे वास्कोला असते. सकाळी अगदी बरी. पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की बसल्या जागेवरून "चार उंडे घे रे" म्हणून हाक मारते. दिवेलागण झाली की मात्र खांद्याला पिशवी लावून दाराशी उभी. घंटा झाली, मुलं खोळंबली असतील म्हणते. एका रात्री कडी काढून रस्त्यावर गेली, कोपऱ्यावरच्या गाडेवाल्याने ओळखलं आणि हात धरून आणून सोडलं.

मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये, बायको पणजीला बँकेत. वर्षभरात ब्युरोच्या (आया पुरवणाऱ्या संस्थेच्या) चार आया झाल्या. शेवटची चतुर्थीला गावी गेली ती आलीच नाही. कृपया 'घरीच ठेवा' असं सुचवू नका, ते पुण्याहून आणि दुबईहून फोनवर ऐकून झालंय.

आतापर्यंत दोन जागा पाहिल्या. पहिली नवीकोरी, चकचकीत लाद्या, रिसेप्शनला ऑर्किड. पण पुढच्या हॉलच्या पलीकडे जाऊ दिलं नाही, "इन्फेक्शन होतं" म्हणे. वर मालकांनी हळूच सुचवलं की घर संस्थेच्या नावे केलंत तर डिपॉझिटचं बघू. दुसरी जागा जुन्या घरात, अकरा माणसं, चालवणाऱ्या बाई मायाळू वाटल्या. दुपारी पेज आणि लोणचं होतं, वास चांगला येत होता. तिथे एक आजोबा ओढणीने खुर्चीला बांधलेले दिसले. "पडू नयेत म्हणून." आणि खाटेजवळची बेल दोरी गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली होती, उभ्या माणसाचाच हात पोचेल इतकी वर. रात्री अकरा जणांमागे एकच मुलगी असते.

बायकोला दुसरी जागा आवडली. मला त्या खिळ्याने झोप लागत नाहीये. बांधणं कितपत चालतं? रात्रीचं खरं कसं कळावं? शिवाय मावशी आता कोंकणीशिवाय बोलत नाही, आणि तिथल्या मुली हिंदीवाल्या.

निवृत्त_परिचारिका: बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, आणि त्यातच पडतो किंवा गळ्यात फास बसतो. दुसरा काहीच इलाज नसेल तर डॉक्टरांची लेखी सूचना, घरच्यांची संमती आणि किती वेळ याची नोंद, एवढं तरी हवं. सोयीसाठी ओढणी म्हणजे माणसं कमी आहेत. दुसरं म्हणजे गोळ्या. 'शांत राहाव्यात' म्हणून दिल्या जाणाऱ्या काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कुठली गोळी, कुणी लिहिली, कधी बंद करणार हे विचारा. मावशी एकदोन दिवसांत अचानक जास्त बरळायला लागल्या तर आधी लघवी तपासून घ्या, पोट साफ आहे का बघा.
रात्रीचं म्हणाल तर अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या माणसाचा कूस बदलण्याचा तक्ता मागा. साधारण दर दोन तासांनी नोंद हवी. रात्रभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एका दमात केल्यासारख्या दिसल्या तर तो तक्ता सकाळी चहा पिताना भरलेला असतो. मीही भरलेत, म्हणून सांगते.

पेडणेकर: घर कुणाच्याही नावे करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते, पण अट कागदावर नसली की वर्षानुवर्षं वाद. उलट त्याच कायद्याने निपुत्रिक वृद्धांची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्या वारसांवरही निर्वाहाची जबाबदारी येते. काकांचे पुतणे असतील तर त्यांनाही जरा आठवण करून द्या. हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. सरकारी वृद्धाश्रम प्रोव्हेदोरियाकडे (गोवा सरकारची सार्वजनिक साहाय्य संस्था) आहेत, तिथेही एकदा विचारा.

काणकोणची_लेक: बाबांना दीड वर्ष ठेवलं होतं. आम्ही न कळवता जेवणाच्या वेळेला जायचो. नखं बघायची. कवळी प्रत्येकाची वेगळ्या डबीत, नाव लिहून आहे का बघायची. एकदा बाबांच्या तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी कवळी निघाली, आता हसू येतं. भरवून झालं की लगेच आडवं करतात का तेही बघा, अर्धा तास तरी बसवून ठेवायला हवं. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर किती खोल्यांना आहे? संडासाच्या वाटेवर उजेड राहतो का? डिपॉझिट महिनाभर राहून बघितल्याशिवाय देऊ नका.
भाषेचं आम्ही असं केलं: पाणी, शी, दुखतंय, थंडी अशा गोष्टींचे वीसेक कोंकणी शब्द मोठ्या अक्षरात देवनागरीत लिहून खाटेशी चिकटवले. झारखंडची मुलगी होती, आठवड्यात शिकली.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल साडेसातला न सांगता गेलो. बाई जरा गोंधळल्या, पण आत येऊ दिलं. आजोबा झोपले होते, बांधलेले नव्हते. तक्ता मागितला तर म्हणाल्या, असा काही ठेवत नाही, कसा करायचा ते सांगा. खोटा दाखवण्यापेक्षा हे मला बरं वाटलं. बेल मी स्वतः खिळ्यावरून काढून उशीपाशी ठेवून आलो. गुरुवारी परत जाणार आहे, ती कुठे आहे ते बघायला. रात्री दुसरी मुलगी ठेवली तर जास्तीचा पगार आम्ही तिथल्या दोनतीन कुटुंबांनी वाटून द्यावा का, असं मनात आहे. असं कुणी केलंय का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.