मदत हवी आहे: ओपन डेला पोरांच्या हाताला टिकतील असे प्रयोग

नमस्कार मंडळी,

आमच्या भौतिकशास्त्र विभागात २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ओपन डे असतो. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदाही 'हात लावून बघा'ची खोली माझ्याच गळ्यात पडली आहे, आणि गेल्या वर्षीचं आठवून आत्तापासून पोटात गोळा आलाय.

गेल्या वर्षीचा पहिला प्रयोग असा: तांब्याची मीटरभर नळी उभी धरायची आणि वरून निओडायमियमचा, म्हणजे छोटा पण भलताच ताकदवान, चुंबक सोडायचा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तो नळीतून रमतगमत उतरतो. पडता पडता नळीच्या भिंतीत भोवरी प्रवाह (गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात, तेच त्याला अडवतात. पोरं खुळावली होती! पण खाली झेलणारा हात चुकला की चुंबक थेट फरशीवर. हे चुंबक भलतेच ठिसूळ. अकरा वाजेपर्यंत दोघांचे टवके उडाले, तिसरा टेबलाच्या लोखंडी पायाला जाऊन बसला आणि चौथा कुणाच्या तरी खिशातून घरी गेला. त्या चौथ्याचीच धास्ती आहे. असे दोन चुंबक लहान मुलाने गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडू शकतात.

दुसरा ताप म्हणजे सिरिंजांचा जेसीबी: पाणी भरलेल्या सिरिंज नळ्यांनी जोडायच्या, एक दाबली की दुसरी यंत्राचा हात हलवते. दुपारी नळी निसटली आणि शाईचं पाणी एका बाईंच्या साडीवर.

खोडदला जीएमआरटीच्या (तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या) विज्ञान दिनाला गेलो होतो. ४५ मीटरच्या डिश बघायला म्हणून गेलो आणि शाळकरी पोरांच्या टेबलांपाशीच रमलो. तसं काहीतरी हवंय. बजेट ३००० रुपये. 'हात लावू नये' अशी पाटी लावायचा सल्ला सरांनी देऊन झालाय, तो कृपया नको.

प्रतिसाद १
चुंबक हातात देऊच नका. नळीत टाकून दोन्ही टोकं बुचं लावून बंद करा, नळी मधोमध लाकडी खिट्टीवर बसवा. पोरं नळी उलटी करत बसतील. शेजारी तुलनेला तशीच पीव्हीसीची नळी, आत तसाच चुंबक. दोन्हींत हातभर अंतर ठेवा, नाहीतर चुंबक एकमेकांना ओढतील. नळी जाड भिंतीची घ्या, चुंबक आणखी सावकाश उतरतो.

प्रतिसाद २
सिरिंज बादलीत बुडवूनच भरा, हवा राहत नाही. तोंडावर नळी चढवली की वरून बारीक बाइंडिंग वायरचे दोन वेढे. दट्ट्या अडकत असेल तर ग्लिसरीनचा थेंब. इंजिनऑइल लावाल तर रबर फुगेल. आणि शाई कशाला? साधं पाणी घाला की!

धागाकर्ता
दोघांचे आभार. पण नळी बंद केली तर चुंबक उतरताना दिसणार कसा? गेल्या वर्षी पोरं वरून एक डोळा मिटून आत बघत होती, खरी गंमत त्यातच होती. नळीला उभी चीर पाडली तर परिणाम कितपत कमी होईल? कुणी करून पाहिलंय का?